थोरल्या घरापुढं काय लिहू?

केतकी,

आज महेशनं तुझा लॅपटॉप उघडला. तुला जाऊन नववा दिवस, तेराव्याची आवतणं जायला पाहिजेत. तू गेल्यापासून त्या यंत्राला कुणी हात लावला नव्हता. तू लिहून ठेवलेली ती एक आज्ञेची ओळ त्यानं चालवली, आणि माझी सबंध आवतणाची वही पडद्यावर सरसर उतरली. घर, माणूस, फोन. घर, माणूस, फोन. मधेच एक ओळ अशी आली की तिच्यात घर होतं आणि माणूस नव्हता. ‘थोरलं घर, गौलीगुडा.’ पुढं मोकळं.

महेश म्हणाला, “आबा, ही काढून टाकू?”

“हात लावू नको.”

“मग पुढं काय लिहू?”

मी उठून बाहेर गेलो. जिना उतरलो, चढलो, पुन्हा उतरलो. महेशनं वरून विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, चप्पल. चप्पल पायातच होती.

तेव्हापासून बूड टेकत नाही. म्हणून हे लिहायला बसलो. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर दोन पानं द्यायची आहेत. सेक्रेटरीनं स्वतःच चार ओळी आणून दिल्या होत्या. मनमिळाऊ, मितभाषी, सासूसासऱ्यांची लाडकी. मी कागद परत केला. तुझी सासू तू यायच्या आधीच गेली, आणि मितभाषी तू कधी होतीस? तू बोलायला लागलीस की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अर्धा जन्म मलकपेठच्या मिरचीबाजारात पोती उचलली, मग हमालांच्या टोळीचा मुकादम झालो. लिहिणं म्हणजे पोत्यावर कुंचल्यानं खूण करणं, एवढंच माहीत. पण तुझ्यावर लिहायचं तर मीच लिहीन. भांडण आपल्या दोघांचं होतं, तिसऱ्याला त्यात काय कळणार!

तुला वही पहिल्यांदा दाखवली तेव्हा तुझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. कुणाकडं तरी वास्तुशांत होती आणि ते माझ्याकडं आवतणाची वही मागायला आले होते. नांदेड-लातूरकडची आपली घरं या शहरात विखुरलेली, कुणी सिकंदराबादेत रेल्वेत, कुणी इकडं दुकान घालून. कुणाचंही कार्य निघालं की वही माझ्याकडून जायची, कारण बाजारात बसणाऱ्याला सगळ्यांची खबर असते. तू दारात उभी राहून ऐकत होतीस. ते गेल्यावर म्हणालीस, “आबा, एवढं काय असतं हिच्यात?”

मी सांगितलं. चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. ‘घरटी एक’ म्हणजे घरातून एकानं. आणि सवाष्णींचं वेगळं. तू पान उलटलंस, पुन्हा उलटलंस, आणि एकदम म्हणालीस, “म्हणजे यादी एकच, आणि आकार तीन!”

मला काही कळलं नाही. सुनेला सासऱ्याच्या वहीत आकार दिसतात, हे काय प्रकरण आहे म्हटलं.

तू ऑफिसात हेच करायचीस. माझी समजूत होती की कंप्युटरमधे तू हिशेब करतेस. तू हसलीस. म्हणालीस, “नाही आबा, मी याद्या मोडते आणि पुन्हा घालते. एक भाषा आहे विचारायची. क्वेरी म्हणतात. आपण विचारायचं, ती यादीचा आकार बदलून देते.”

“भाषा आहे तर तिच्यात शिव्या देता येतात का?”

“आपल्याला नाही देता येत. ती देते. लाल अक्षरांत.”

त्या दिवशी तू मला आवडलीस. तोंडावर म्हटलं नाही. तोंडावर म्हटलं, “माझ्या वहीला हात लावायचा नाही.”

पंधरा दिवसांत तू हात लावलासच. मी पेपर वाचायचं सोंग करून बघत होतो. तू एकेक घर टाइप करत होतीस आणि त्याच्याभोवती कंस घालत होतीस. घराला कंस, आतल्या माणसांना वेगळा कंस. ही यादीतली यादी, म्हणालीस. मग तू काहीतरी केलंस आणि कंस उडाले, सगळी माणसं एकाखाली एक आली. वर क ला लागून कोण आलं? शिंद्यांचं तीन महिन्यांचं पोर कबीर. त्याचा आजा वामनराव पार खाली, माझ्याच टोळीत काम केलेला माणूस. मी ओरडलो. “घर फोडलंस! नातू वर आणि आजा पायथ्याशी? हीच का तुझी भाषा?”

तू डगमगली नाहीस. “अहो, ते वर्णमालेनं लागलंय. बदलता येतं.”

“बदलता येतं म्हणजे? पोती फोडून सगळ्या मिरचीची रास केलीस. आता कुठली मिरची कुठल्या पोत्यातली, सांग बघू.”

तू बोट वर करून थांबलीस. तुझी ती सवय. मग सावकाश म्हणालीस, “बरोबर. म्हणून पोतं फोडायच्या आधी प्रत्येक मिरचीवर पोत्याचं नाव लिहायचं. आणि पोत्यात ती कितवी होती तो नंबर. मग रास करा, चाळा, काय हवं ते करा. पुन्हा पोती भरता येतात, जशीच्या तशी.”

बाजारात इतकी वर्षं घातली, आणि ही पुण्याची पोर, जिला मिरचीच्या खकाण्यानं शिंका आवरायच्या नाहीत, मला रास आणि पोती शिकवत होती. आणि बरोबर शिकवत होती. मी म्हणालो, “ठीक आहे.” माझ्या तोंडून ‘ठीक आहे’ म्हणजे काय, ते तुला तेव्हा कळलं नसेल. माझ्या टोळीतल्या माणसांना कळायचं.

सगळं काही तुला जमलं असं नाही हां. ते मंडळातल्या एकीच्या डोहाळजेवणाचं विसरू नको. वहीच्या डाव्या पानावर मी नावं लिहितो, उजव्यावर फोन. तू दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवून जोड्या लावल्यास, पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. एका बाईकडं फोनच नव्हता. मी तिथं जागा सोडली नव्हती. मला कशाला जागा लागते, मला डोक्यात माहीत. तिथून पुढच्या सगळ्या जोड्या एकानं घसरल्या. आणि सखाराम काका, ऐंशी वर्षांचा विधुर माणूस, त्याच्या फोनवर निरोप गेला, ‘सवाष्णींनी हिरवी साडी नेसून यावे.’ काका आले! दारात उभे राहून म्हणाले, “साडी नाही बुवा, हिरवा शर्ट आहे, चालेल का?” बायकांत मांडी घालून बसले, ओटीचा नारळसुद्धा घेऊन गेले.

रात्रभर हसून तुझं पोट दुखलं, आणि सकाळी उठून भांडण.

“तुम्ही रिकामी जागा सोडायला हवी होती, आबा.”

“नसलेल्या फोनाला जागा कशाला?”

“नसलेल्यालाच जागा लागते. असलेला आपली जागा आपण धरतो.”

तीन रविवार आपण एकेक नंबर लावून खरा-खोटा करत बसलो. तू फोन लावायचीस, मी बोलायचो. त्या तीन रविवारांत मी तुझ्याशी जितकं बोललो तितकं पोटच्या पोराशी, महेशशी, त्याच्या उभ्या जन्मात बोललो नसेन. तू मधेच मला सुपारी खाऊ द्यायची नाहीस, “नंबर नीट ऐकू जात नाही समोरच्याला,” म्हणून. ऐकलं मी. कुणाचं ऐकतो मी?

आणि मग ते घर आलं.

वही तू पुरी भरलीस आणि माझ्यासमोर बसलीस. म्हणालीस, “आबा, वहीत घरं बासष्ट आहेत. सपाट करून पुन्हा गोळा केली तर एकसष्ट येतात. एक घर वाटेत पडतंय.”

“बघ कुठं पडलं ते.”

“बघितलं. गौलीगुड्याचं थोरलं घर. त्याच्याखाली नावंच नाहीत. म्हणजे आहेत, पण सगळ्यांवर रेघा मारल्यात तुम्ही. त्यामुळे मी घेतली नाहीत. रिकामी यादी राहिली. पोतं रिकामं असलं तर झटकून राशीत काय पडणार? काहीच नाही. मग पुन्हा पोती भरताना ते पोतं होतं हेच कळत नाही.”

मी म्हणालो, “मग नसेल.”

“नसेल कसं? तुम्ही घराच्या नावावर रेघ मारलेली नाही.”

तू असं बोट ठेवायचीस. आठ नावांवर रेघा होत्या, आणि मथळ्यावर नव्हती. इतक्या वर्षांत कितीतरी लोकांनी ती वही चाळली असेल, कुणाला दिसलं नाही. तुला दिसलं, कारण तुझं एक कमी आलं.

मी पेपर डोळ्यांपुढं धरला. तू आपल्या मनानं एक काहीतरी लिहिलंस, की घर रिकामं असलं तरी त्याची एक ओळ ठेवायची. मोकळी ओळ. तेव्हापासून ती आहे. आणि तू मला विचारलंस, “आबा, हे घर वेगळं धरायचं, का आपल्यातच?”

“वेगळं.”

“आडनाव तर आपलंच आहे.”

“वेगळं म्हटलं ना. चहा टाक.”

पुढं आणखी चार वेळा विचारलंस तू. संक्रांतीला, मग गच्चीवर कपडे वाळत घालताना, मग एकदा महेशच्या समोर. महेशनं खाली बघितलं, तोही बोलला नाही, मीच बजावून ठेवलं होतं त्याला. आणि चौथ्यांदा तुझ्या तापाच्या पहिल्या दिवशी. कपाळावर ओली पट्टी होती आणि तू म्हणालीस, “बरी झाले की आपण दोघं जाऊ गौलीगुड्याला. ऑटोनं. नावं विचारून येऊ. ती ओळ मला टोचते आबा.” मी म्हणालो, “तू आधी बरी हो, मग बघू.” मला काही बघायचं नव्हतं. तोंडाला येईल ते बोललो. चार दिवसांचा ताप निघाला तो.

जे सांगितलं नाही ते आता सांगतो, उपयोग नसला तरी.

थोरलं घर माझ्या दादाचं. सख्खा थोरला भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. वडील गावाकडून आले ते त्याच घरात राहिले, त्याच घरात गेले. सहा वर्षांपूर्वी तुमच्या लग्नाची पत्रिका घेऊन पहिल्यांदा मी तिथंच गेलो, पहिला मान थोरल्याचा म्हणून. त्यानं पत्रिका हातात घेतली, उघडली नाही. म्हणाला, “पोरगी आपल्यातली नाही. मी अक्षता टाकायला येणार नाही. माझं घरही येणार नाही.”

मी पायरीवरच होतो. म्हणालो, “मग आजपासून तुझं घर माझ्या वहीत नाही.”

घरी आलो आणि रेघा मारल्या. दादा, वहिनी, दोन पुतणे, त्यांच्या बायका, पोरं. पट्टी लावून मारल्या. मथळ्यावर आलो आणि हात चालेना. वडिलांचं घर ते. वही मिटून टाकली.

म्हणजे ती ओळ तुझ्यापायी रिकामी झाली होती, केतकी. आणि तूच ती भरायला निघाली होतीस. कसं सांगू तुला? सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ‘माझ्यामुळे?’ आणि तो तुझा चेहरा मला बघायचा नव्हता. असं मी मनाशी म्हणत आलो. खरं असं आहे की सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी ऑटो घेऊन तिथं गेली असतीस, आणि मला तुझ्यामागून जावं लागलं असतं. सहा वर्षं मी दादाच्या येण्याची वाट बघितली. त्यानं यावं, मी का?

इथवर लिहिलं आणि उठलो. बसवत नाही. महेश पुन्हा विचारतोय, आवतणाचे निरोप कधी सोडू. सगळ्यांना जातील, त्याचा मित्र पाठवणार आहे, आपल्याला सुतक. पण त्या ओळीला फोन नाही, नाव नाही. मित्र कुणाला पाठवील?

जाऊन येतो.

*

जाऊन आलो. ते काल झालं. आज लिहितो.

चादरघाटाच्या पुलावरून ऑटोनं गेलो, तू म्हणाली होतीस तसाच, शेजारची जागा मोकळी. गल्लीच्या तोंडाशी उतरलो. वही पिशवीत घेतली होती. कशाला, विचारू नको.

दार उघडंच होतं. मी पायरीवर उभा राहिलो. सुतकात दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबून हाक मारली, “दादा.”

तो आत खुर्चीवर होता. नजर कमी झालीय त्याची. म्हणाला, “कोण?” मग ओळखलं. खुर्चीच्या हाताला धरून पुढं वाकला. मग आपल्या लहानपणच्या बोलीत म्हणाला, “कायकू खडा है दरवाजे में? ये की आत.”

“आत येत नाही. मला सुतक आहे.”

“आणि मला काय आहे मग?”

त्यानं हनुवटीवरून हात फिरवला. तेव्हा मला दिसलं. दाढी वाढलेली, पांढरीशुभ्र, आठ-नऊ दिवसांची. दादा रोज दाढी करणारा माणूस, तापातसुद्धा करायचा. मागं देवघराचा पडदा ओढलेला. समई नाही, फूल नाही.

मी पायरीवरच बसलो.

“कुणी सांगितलं तुला?”

“तू नाही सांगितलंस, एवढं नक्की. तुझ्या टोळीतला यादगिरी आला होता त्याच संध्याकाळी. म्हणाला, मुकादमाची सून गेली. मी उठून डोक्यावरून पाणी घेतलं. सगळ्यांना घ्यायला लावलं. घरात गोडधोड नाही, देवाला दिवा नाही. काय समजलास तू?”

“तू तर म्हणाला होतास, आपल्यातली नाही.”

“म्हणालो होतो.” त्यानं मान हलवली. “म्हणालो होतो, ते म्हणालो होतो. भांडण माझ्यापाशी, सुतकाला त्याचं काय? घरची सून गेली.”

मी म्हणालो, “तेराव्याचं आवतण द्यायला आलोय. चूलबंद.”

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग आतल्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, “ऐकलं का? धाकटा आवतण घेऊन आलाय! भावकीला आवतण! आपण पाहुणे आहोत.” आतून वहिनीचा आवाज आला, “आधी त्यांना आत घ्या, मग काय ते ओरडा.” दादा माझ्याकडं वळला. “अरे, चाळीस वर्षं वही चालवतोस आणि एवढं कळत नाही? आवतण परक्याला असतं. सुतक असणाऱ्याला आवतण देतात का कुणी? खुळा का रे तू?”

खुळाच. मला, आवतणाच्या मुकादमाला, हे सुचलं नाही. आठ नावं कुठल्या ओळीत भरायची, एवढंच घेऊन मी पूल ओलांडला होता.

आत गेलो. वहिनीनं पाणी दिलं. थकलीय, कमरेत वाकलीय. मी पिशवीतून वही काढली आणि म्हणालो, “नावं सांग, वहिनी. घरात आता कोण कोण आहे.”

दादा म्हणाला, “खानेसुमारीला आलास का?”

“धाकट्या पुतण्याची पोरं मला माहीत नाहीत. सहा वर्षांत काय काय झालं असेल.”

वहिनी भिंतीला टेकून सांगत गेली, मी लिहीत गेलो. अकरा माणसं. तिघं मी पाहिलेलीच नव्हती. एकाचं नाव लिहिताना मला जोडाक्षर येईना, वहिनीनं हवेत बोटानं काढून दाखवलं.

लिहून झाल्यावर मी उठलो तर दादा म्हणाला, “थांब. पोरीचं नाव काय होतं?”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “नऊ दिवस सुतक धरलंस आणि नाव माहीत नाही?”

“पत्रिका मी उघडली कुठं होती? यादगिरी नुसतं ‘सून’ म्हणाला. तुझ्या वहिनीला विचारलं, तिलाही माहीत नाही. पोरांना विचारायची लाज वाटली.”

“केतकी,” मी म्हणालो.

“केतकी.” त्यानं एकदा म्हटलं, मग परत एकदा, तोंडात घोळवून. “पुण्याचं नाव.” त्यात थोडा टोमणा होता. गेला नाही त्याचा टोमणा, जाणारही नाही. पण केतकी, डोळे पुसले त्यानं. उपरण्यानं. मी दुसरीकडं बघितलं. आमच्यात बघत नाहीत.

*

तेरावा झाला. आता तुला काय काय सांगू, सगळं एकदम येतंय.

ते सकाळीच आले, अकराच्या अकरा, पाहुण्यांच्या आधी. दादा दारात खुर्ची टाकून बसला, येणाऱ्याला ‘या’ म्हणायला, घरातला मोठा तोच ना. मला कुणी विचारलं नाही. पुतणे वाढायला लागले, वहिनी बसल्या जागेवरून सुनांना हुकूम सोडत होती. तुझी ती स्टीलची मोठी परात, जी मी ‘कशाला घेतलीस एवढी’ म्हणून बोललो होतो, तीच कामाला आली. तुझे आईवडील पुण्याहून आले होते. तुझी आई आणि वहिनी भाताच्या पातेल्याशी शेजारीशेजारी बसल्या. काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही.

महेशनं यादीतून थोरल्या घराची ती ओळ काढली होती, मीच सांगितलं होतं, ते पाहुणे नाहीत म्हणून. त्या यादीवरून पानं धरली आणि आचाऱ्याला सांगितलं. अकरा माणसं कुठल्याच मोजणीत आली नाहीत! शेवटच्या पंगतीला घरचे बसलो तर बुंदी संपलेली, वरण तळाला. पातेल्याला लागलेला भात उलथन्यानं खरवडून काढला. दादा म्हणाला, “पोरीच्या कंप्युटरनं आम्हाला उपाशी ठेवलं.” महेश हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसला. लगेच तोंड फिरवून बसला, जसं काही चोरी केली.

आता संध्याकाळी तो तुझ्या यंत्रापुढं बसतो. थोरलं घर आपल्या घरात घालायचंय त्याला, मी सांगितलंय, वेगळं नको, आपल्यातच. रेल्वेतला कारकून तो, तुझी भाषा त्याला येत नाही. त्यानं आपल्या घराच्या कंसात आणखी एक कंस घातला आणि तुझी ओळ चालवली. बाकी सगळे एकाखाली एक आले, आणि आपल्या घराखाली मी, महेश, तू, आणि मग एकाच खणात अकरा माणसं कोंबलेली, कंसासकट, गाठोडं बांधल्यासारखी. तुझी ओळ एकच थर उलगडते. त्याच्या आतला थर तिला माहीत नाही. तू ती लिहिलीस तेव्हा मी तुला सांगितलंच नव्हतं ना, की घराच्या आत घर आहे. महेश काहीतरी बदलतो, लाल अक्षरं येतात, तो पुन्हा बदलतो. दोनदा त्यानं तुला नावानं हाक मारलेली मी ऐकली, हळूच, मदतीला मारतात तशी. त्याला वाटतं मला ऐकू येत नाही.

मला काही धीर नाही. मी वही उघडली आणि आपलं पान काढलं. तुझ्या सासूच्या नावावर रेघ आहे, तिच्याखाली महेश, त्याच्याखाली तू. तुझ्या नावावर रेघ मारायची राहिलीय, पेन उचललं की हात दुसरीकडं जातो. पानावर खाली जागा थोडी होती. मी ‘थोरलं घर’ असा मथळा घातला आणि नावं उतरवायला लागलो, पोरांपासून, कारण त्यांची ताजी होती डोक्यात. पान भरलं. शेवटी दादाचं नाव राहिलं आणि त्याला जागाच नाही. वर-खाली बघितलं, तर तुझ्या नावापुढं अर्धी ओळ मोकळी होती. तिथं लिहिलं.

तो म्हणाला होता, आपल्यातली नाही. आता दोघं एका ओळीत आहात. त्याला काय सुनावायचं ते तूच सुनाव, मी मधे पडणार नाही.